रंग हिऱ्याचा, प्रत कोणाची?



तेलंगणातल्या तलमडुगुला हिऱ्यांवर बोलायचं आहे, असं मी एका स्नेह्याला सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, तिथे कापसाच्या भावावर बोल, लोक ऐकतील. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, आणि कापसाकडे मी येणारच आहे. पण ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी इथल्या पोरांना मराठीतून भूगोल शिकवला, आणि भूगोलाच्याच वाटेने गेलं तर हिऱ्याची गोष्ट तुमच्या अंगणातून जाते. एवढ्या मोठ्या विषयातून मी आज फक्त रंग घेतला आहे. हिऱ्याला रंग कुठून येतो आणि त्या रंगाची प्रत कोण ठरवतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर निसर्गाकडे आहे. दुसऱ्याचं उत्तर माणसाकडे आहे, आणि माणूस आला की हिशेब आला.

आधी भूगोल. गोवळकोंड्याचे हिरे जगप्रसिद्ध, पण गोवळकोंड्यात खाण कधीच नव्हती. तिथे बाजार होता. खाणी होत्या दूर, कृष्णेच्या काठी कोल्लूरला आणि आसपास. त्या कोल्लूरचा बराच भाग आज पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली आहे. पण कृष्णेपर्यंत कशाला जायचं? पैनगंगा ओलांडा, चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, बाजूला वळा. आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात वैरागड आहे. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त तिथल्या हिऱ्याच्या खाणीची नोंद केली आहे. त्याही आधी, १४२५च्या सुमारास, अहमदशाह बहमनी माहूरच्या मोहिमेवर आला आणि त्याने गोंडवनातल्या कळमची हिऱ्याची खाण ताब्यात घेतली, असं इतिहासकार फेरिश्ता लिहितो. माहूर इथून किती लांब आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. रेणुकामातेला पायी जाणारे या सभागृहातच बसलेले असतील.

आणि कोणी म्हणेल, हे सगळं महाराष्ट्रातलं, आपलं काय? १९५६ पर्यंत राजुरा आणि किनवट आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राजुरा चंद्रपूरला गेला, किनवट नांदेडला. सरहद्दी कागदावर सरकल्या. गोंड राजांचा मुलूख तेवढाच राहिला, आणि त्या मुलखात हिरे निघत होते.

आता रंग. आपल्याकडे रंगावरून हिऱ्याची पारख फार जुनी. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त हिऱ्यांच्या रंगांना दिलेली नावं ऐका: मांजराच्या डोळ्यासारखा, शिरीषाच्या फुलासारखा, गोमूत्रासारखा, शुद्ध स्फटिकासारखा. ज्याने ही नावं ठेवली तो महालात बसून लिहीत नव्हता, त्याने कच्चे हिरे हातात घेऊन पाहिलेले असणार. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त प्रांतवार यादीच दिली. कलिंगाचा पिवळसर, सौराष्ट्राचा तांबूस, कोसलाचा शिरीषाच्या फुलाचा, शूर्पारकाचा काळा. शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा. सोपाऱ्याला हिरे कुठले? ते बंदर होतं. माल तिथे यायचा, तिथून जायचा, आणि बहुधा म्हणूनच नाव बंदराचं लागलं, जसं पुढे गोवळकोंड्याचं लागलं. मात्र या यादीत सगळ्यात निर्मळ हिरा कुठला सांगितला आहे? वेणा नदीच्या काठचा. ही वेणा म्हणजे कृष्णा की आपली वैनगंगा, यावर अभ्यासकांत मतं आहेत. वैरागड वैनगंगेच्या खोऱ्यात आहे, एवढं सांगून मी तो वाद इथेच सोडतो. माझं मत कुठे झुकतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

पण याच ग्रंथात पुढे काय आहे? कोणत्या रंगाचा हिरा कोणत्या वर्णाने वापरावा, याची वाटणी आहे. पांढरा ब्राह्मणांना, तांबडा आणि पिवळा क्षत्रियांना, शिरीषाच्या रंगाचा वैश्यांना, आणि तलवारीच्या पात्यासारखा काळसर शूद्रांना. पाहा, मंडळी! मातीतून निघालेला दगड. त्याला ना गोत्र, ना गाव. आणि माणसाने त्यालाही वर्णव्यवस्थेत बसवून दिलं. दगडाचं त्यात काही बिघडलं नाही. बिघडलं ते ज्यांना शेवटच्या रांगेत उभं केलं त्यांचं. मी हे चिडून सांगतो, कारण प्रत लावण्याचं काम कधीच निव्वळ डोळ्यांचं नसतं, त्यामागे ती लावणाऱ्याची समाजरचना असते.

याच्या उलट चित्र सतराव्या शतकात दिसतं. फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये दक्षिणेतल्या खाणींवर येऊन गेला. त्याने लिहिलेला एक प्रसंग मला फार आवडतो. खाणीजवळच्या गावात सकाळी एका झाडाखाली व्यापाऱ्यांची पोरं येऊन बसत, दहा वर्षांपासून पंधरा-सोळा वर्षांपर्यंतची. प्रत्येकाकडे वजनाचा काटा, कमरेला सोन्याच्या होनांची थैली. कोणी हिरा विकायला आणला की तो त्यांच्यातल्या मोठ्या पोराच्या हातात जाई. तो बघे, पुढच्याला देई. हिरा हातोहात फिरून मोठ्याकडे परत येई, तोवर कोणी अवाक्षर काढायचं नाही. मग मोठा भाव विचारी, आणि पटलं तर घेई. संध्याकाळी सगळी पोरं दिवसभराचा माल मांडून बसत आणि पाणी, वजन, निर्मळपणा पाहून त्याचे गट लावत. मग तो माल मोठ्या व्यापाऱ्यांकडे जाई आणि नफा सगळ्यांत वाटला जाई. मोठ्याला शेकडा पाव जास्त. काय शिस्त आहे! एकाने पाहिलं म्हणून खरं मानायचं नाही, सगळ्यांनी पाहायचं, आणि दुसऱ्याचं मत कानावर पडण्याआधी पाहायचं. आजच्या प्रयोगशाळेत हेच करतात, फक्त तिथे झाड नसतं.

ताव्हर्निये आणखी एक सांगतो. युरोपात कच्चा हिरा दिवसा पाहतात, इथले लोक रात्री. भिंतीत फूटभर कोनाडा, त्यात जाड वातीचा दिवा, आणि त्या उजेडात चिमटीत धरलेला हिरा. निळसर झाक मात्र अशी सापडत नाही. तिच्यासाठी हिरा दाट पानांच्या झाडाखाली न्यायचा. त्या हिरव्या सावलीत निळी झाक लपत नाही. उजेड बदलला की रंग बदलतो, हे त्या माणसांना ठाऊक होतं, आणि कोणत्या दोषाला कोणता उजेड, हेही.

आता हा रंग येतो कुठून? हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. जमिनीखाली दीडशे-दोनशे किलोमीटरवर, प्रचंड दाबाखाली, अब्जावधी वर्षांपूर्वी तयार झालेला. शुद्ध कार्बनचा स्फटिक बिनरंगी असायला हवा. पण निसर्गाच्या भट्टीत भेसळ होतेच. हवेत आपण जो नायट्रोजन घेतो-सोडतो, त्याचे अणू कार्बनच्या जागी जाऊन बसतात. सुमारे ९५ टक्के नैसर्गिक हिऱ्यांत तो पुरेशा प्रमाणात असतो. सुरुवातीला तो एकटा-एकटा विखुरलेला असतो. तसाच राहिला तर हिरा गर्द पिवळा होतो. पण कोट्यवधी वर्षं उष्णतेत राहिल्यावर हे अणू सरकत सरकत एकत्र येतात. दोघांची जोडी जमली की रंग जवळजवळ नाहीसा होतो. तिघं एका रिकाम्या जागेभोवती बसले की निळा प्रकाश शोषला जातो आणि हिऱ्यावर फिकी पिवळी झाक चढते. बाजारातल्या बहुतेक हिऱ्यांचा पिवळेपणा हाच.

नायट्रोजन जवळजवळ नसलेले हिरे फार थोडे, शंभरात एक-दोन. त्यांना शास्त्रज्ञ 'टू-ए' प्रकार म्हणतात. कोल्लूरच्या बाजूचे अनेक मोठे हिरे या प्रकारचे निघाले, म्हणून आजही जगाच्या बाजारात अशा हिऱ्याला 'गोळकोंडा' म्हणतात, मग तो आफ्रिकेत का सापडलेला असेना. उलटही झालं. निझामाकडे गेलेला १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा दक्षिण आफ्रिकेतला. गोवळकोंड्याच्या गादीवरच्या राजाने परदेशातून आणलेला हिरा विकत घेतला! सहावा निझाम महबूब अली पाशा आणि जेकब नावाचा व्यापारी यांच्यात त्यावरून कोर्टकचेरी झाली, आणि पुढे सातव्या निझामाने तो कागद दाबायला वापरला. १९९५ मध्ये भारत सरकारने निझामाचे दागिने २१८ कोटी रुपयांना घेतले, त्यात तोही आला.

बाकीचे रंग भराभर सांगतो. बोरॉनमुळे निळा. दहा लाख कार्बन अणूंमागे एक बोरॉनचा अणूही पुरतो, पुष्कळदा त्याहून कमी. असा हिरा वीजही वाहू देतो. गुलाबी हिऱ्याचा रंग बहुधा भेसळीचा नसतो. जमिनीखाली त्याची रचनाच दाबाने सरकलेली, मुरडलेली असते, आणि ती मुरड आपल्याला गुलाबी दिसते. नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्लीहून नेलेला दर्या-इ-नूर फिका गुलाबी आहे. हिरवा रंग बहुधा शेजारच्या खडकातल्या किरणोत्सर्गाचा, आणि तो अनेकदा कातडीपुरताच. कारागिराने पैलू पाडताना जरा जास्त घासलं की हिरवेपणा गेला. तपकिरी रंग रचनेतल्या पोकळ्यांमुळे, काळा बहुतेक वेळा आत अडकलेल्या काळ्या कणांमुळे. लाल सगळ्यांत दुर्मिळ.

निसर्गाचं काम इथे संपलं. पुढचं सगळं माणसाचं.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिऱ्याच्या रंगाची बाजारातली नावं म्हणजे गोंधळ होता. बिनरंगीला 'रिव्हर', त्याखाली 'वेसल्टन', मग 'क्रिस्टल', पिवळसरला 'केप'. वेसल्टन ही किंबर्लीची खाण, केप म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा केप प्रांत. गावावरून रंग! वराहमिहिराचीच रीत, फक्त गावं आफ्रिकेतली. शिवाय प्रत्येक दुकानदाराची आपली 'ए', 'डबल ए', 'ट्रिपल ए'. कोणाचाच माल 'बी' नाही, हे तुम्हाला बाजारात नेहमीच दिसतं. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेच्या रिचर्ड लिडिकोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी पट्टी आणली. ती 'ए'पासून सुरू केली नाही. 'ए', 'बी', 'सी' ही अक्षरं आधीच मळलेली होती. त्यांनी सुरुवात 'डी'पासून केली आणि 'झेड'वर संपवली. डी, ई, एफ बिनरंगी. जी ते जे जवळपास बिनरंगी. के ते एम अगदी किंचित झाक. एन ते आर फार फिका. एस ते झेड फिका. तेवीस पायऱ्या, आणि शेजारच्या दोन पायऱ्यांतला फरक तुम्हा-आम्हाला दिसणारही नाही.

मग तो पाहतात कसा? हिरा कोंदणातून काढलेला, धुतलेला. दिव्याचा उजेड ठरलेला, दिवसाच्या प्रकाशासारखा. हिरा सपाट तोंड खाली, टोक वर असा उलटा ठेवतात आणि बाजूने पाहतात. वरून का नाही? कारण वरून पैलूंची लखलख डोळा फसवते. शेजारी नमुन्याचे हिरे मांडलेले असतात, प्रत्येकाची प्रत आधीच ठरलेली. पारखी या हिऱ्याला त्यांच्या रांगेतून सरकवत नेतो आणि विचारतो, याच्यापेक्षा जास्त रंग, की कमी? हिरा कोणाचा, हे त्याला कळत नाही. किमान दोन पारख्यांचं मत जुळावं लागतं. न जुळल्यास तिसरा.

मला यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते ती मालकाचं नाव झाकण्याची. कापूस खरेदीच्या आवारात तुम्ही पाहता. गाडीतल्या ढिगात मीटरची सळई खुपसली की आकडा येतो. ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, १२च्या वर गेला की सरकारी खरेदी नाही. आकडा निर्जीव, पण सळई कुठे खुपसायची, वरच्या वाळलेल्या थरात की खालच्या दमट थरात, हे हात ठरवतो, आणि त्या हाताला समोरचा माणूस दिसत असतो. गाडी कोणाची हे झाकता आलं, तर अर्धी भांडणं मिटतील. हिऱ्याच्या बाजाराने एवढं तरी केलं. अर्थात प्रयोगशाळेची फी बहुतेक वेळा व्यापारीच भरतो, हेही लक्षात असू द्या.

आता खरी गंमत. डीपासून झेडपर्यंत रंग जितका वाढतो तितका भाव पडतो. झेडला पोहोचलेला हिरा गरीब. पण झेड ओलांडून तो आणखी पिवळा झाला तर? मग तो 'फॅन्सी'. आता रंग जितका गर्द तितका भाव चढता. कालपर्यंत जो दोष होता तो आज गुण. पाहण्याची दिशाही उलटते. रंगीत हिरा तोंड वर करून समोरून पाहतात, कारण आता रंग शोधायचा नसतो, मिरवायचा असतो. फेंट, व्हेरी लाइट, लाइट, फॅन्सी लाइट, फॅन्सी, फॅन्सी इंटेन्स, फॅन्सी व्हिव्हिड, फॅन्सी डीप, फॅन्सी डार्क अशा पायऱ्या, शिवाय कोणता रंग, हे वेगळं. निळ्या-गुलाबीला तर झेडपर्यंत थांबावंच लागत नाही. किंचित निळी झाकही मोलाची. त्याच फिकटपणाची पिवळी झाक मात्र मोल घालवते. हा न्याय कोणाचा? निसर्गाचा नक्कीच नाही.

आपल्या मराठी घराण्यांकडे यातले दोन मोठे नमुने होते. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १९२३ मध्ये पॅरिसच्या शोमे पेढीकडून निळ्या हिऱ्याचं कंकण घडवलं. हिरा २३.२४ कॅरट, 'फॅन्सी व्हिव्हिड ब्ल्यू'. यशवंतराव होळकरांच्या काळात तो मोबूसाँ पेढीच्या हारात गेला, १९४७ मध्ये जवाहीर हॅरी विन्स्टनकडे, आणि त्याच्याकडून बडोद्याच्या महाराजांकडे. २०२५ मध्ये जिनिव्हाच्या लिलावासाठी तो 'गोळकोंडा ब्ल्यू' या नावाने जाहीर झाला, तेव्हा अंदाज साडेतीन ते पाच कोटी डॉलरचा होता. दुसरा गायकवाडांचा. ब्राझीलमध्ये १८५३ मध्ये एका गुलाम बाईला तो मातीत सापडला. पैलू पाडल्यावर १२८.४८ कॅरटचा 'स्टार ऑफ द साउथ'. पुढे तो बडोद्याला आला. आजच्या पट्टीवर त्याची प्रत आहे 'फॅन्सी लाइट पिंकिश ब्राउन', गुलाबीसर फिका तपकिरी. तपकिरी! तपकिरी हिऱ्याला दीर्घकाळ कोणी विचारत नव्हतं, यंत्राच्या कामाला लावत. मग ऑस्ट्रेलियात अर्गाइलची खाण १९८३ मध्ये सुरू झाली आणि तपकिरी हिऱ्यांचे ढीग निघाले. व्यापाऱ्यांनी नाव ठेवलं 'शॅम्पेन', गर्दला 'कोन्याक'. माल तोच, बाटली नवी, आणि गिऱ्हाईक आलं. जगातले नव्वद टक्क्यांहून जास्त गुलाबी हिरेही त्याच खाणीचे. ती २०२० मध्ये बंद झाली.

तिसरा हिरा मात्र त्र्यंबकेश्वरचा, 'नासक' नावाने जगभर गाजलेला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या लुटीत गेला. बिनरंगी, भारतीय घाटाचा. लंडनच्या जवाहिऱ्यांनी त्याला नवे पैलू पाडले, तो ऐंशी कॅरटच्या आसपास उरला. १९४० मध्ये विन्स्टनने पुन्हा कापला आणि ४३.३८ कॅरट राहिला. आपल्या कारागिरांना दगडाचं वजन राखायचं होतं, पश्चिमेला त्यातून लखलख हवी होती. यात कोण शहाणा, हे मी ठरवणार नाही, पण देवाच्या अलंकारातला जवळजवळ अर्धा दगड धूळ झाला, याची चुटपुट मला आहे.

रंग आता बनवताही येतो. १९०४ मध्येच विल्यम क्रूक्सने हिरे रेडियमच्या क्षारात ठेवून हिरवे केले. १९९९ पासून विशिष्ट तपकिरी हिरे दाब-उष्णतेने बिनरंगी करून बाजारात आले. आणि आता तर अख्खा हिराच यंत्रात बनतो, सुरतेत ढिगाने. त्यातले बहुतेक डी-ई-एफचेच निघायला लागले, तेव्हा २०२५ मध्ये जीआयएने प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांना डी-झेडची पट्टी लावणं थांबवायचं ठरवलं. त्यांना फक्त 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड'. सगळेच पहिले आले तर क्रमांक कशाला?

तुमच्यापैकी कोणाच्या घरी लग्न असेल आणि हिरा घ्यायचा विचार असेल, तर एवढं करा. प्रमाणपत्र मागा, आणि त्यावरचा नंबर हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला आहे का, ते भिंगातून दाखवायला सांगा. हिरा नैसर्गिक आहे की यंत्रातला, रंग मूळचा की केलेला, हे त्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. दुकानातल्या झगमगाटात प्रत मान्य करू नका. सुटा हिरा पांढऱ्या कागदाच्या घडीत, दारात, दिवसाच्या उजेडात पाहा. दागिना पिवळ्या सोन्याचा असेल तर डीसाठी पैसे मोजू नका. सोन्याचा पिवळेपणा हिऱ्यात उतरतोच, तिथे जे-केसुद्धा शोभून दिसतो. यंत्रातला हिरा हौसेला उत्तम, पण परत विकायला गेलात तर फारसं हाती येत नाही, हे घेतानाच धरून चाला. बाकी काही विचारायचं असेल तर विचारा, अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे.